पुष्पकात अजून जागा होती



आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, युद्धकांड. श्रीरामांचा लंकेहून अयोध्येपर्यंतचा परतीचा प्रवास.

खरं सांगू? हा भाग मी नेहमी भराभर वाचायचो. रावण मेला, सीतामाई भेटली, आता घरी पोहोचले की झालं. पण एकदा मलाच घरी पोहोचायला तीन दिवस लागले, आणि तेव्हापासून या पानांवर मी अडकतो.

१६ एप्रिल २०२४. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर दुबईला होतो. त्या रात्रीचं परतीचं विमान, आणि दुसऱ्या दिवशी रामनवमी. दुपारी बाराच्या जन्माला रेवदंड्याला आजीजवळ असायचंच, म्हणून तेच तिकीट काढलेलं. नेमका त्या दिवशी तिथे असा पाऊस झाला की १९४९ पासूनच्या नोंदींत तसा नव्हता. अल ऐनकडे एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर! आपल्या कोकणात जुलैत एखाद्या दिवशी एवढा पडतो आणि आपण छत्री घेऊन कामाला जातो. पण वाळवंटात ते पाणी जाणार कुठे? रस्ते बुडाले, विमानं रद्द झाली.

रामनवमी फरशीवर गेली. आपल्याकडचे बारा म्हणजे तिथले साडेदहा. आजीकडचा पाळणा मी फोनवर बघत होतो आणि ऐन जन्माच्या वेळी बॅटरी संपली. शेजारी पन्नाशीचे एक काका बसले होते, मुरूडच्या बाजूचे, तिकडे एका हॉटेलात स्वयंपाकी. काही न बोलता त्यांनी आपला चार्जर पुढे केला. रात्री त्यांच्याकडच्या खुबूसमधला अर्धा मला दिला. बोलता बोलता कळलं, त्यांची आई अलिबागला दवाखान्यात होती, ऑक्सिजनवर.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही काउंटरच्या रांगेत उभे होतो. मी पुढे, ते माझ्या मागे. मी मनात जप करत होतो, "रामा, माझं तेवढं कर." आणि झालं! मुंबईच्या विमानात एकच जागा उरली होती, ती मला मिळाली. काका म्हणाले, "जा रे बाबा, तू तरी जा."

मी गेलो. माझी जागा त्यांना देता येईल का, हे मी काउंटरवर विचारलंसुद्धा नाही. कदाचित नियमात बसलं नसतं. पण विचारायला काय हरकत होती? मी स्वतःला सांगितलं, रामाचीच इच्छा दिसते. आणि विमानात डोळे मिटून त्याचे आभार मानले.

शुक्रवारी सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच धरली. समोर आपला किनारा दिसायला लागला आणि मला एकदम रामदास बोट आठवली. किनाऱ्यावरच्या घरांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बरीचशी सणाला घरी निघालेली. त्यांच्यातही देवाचं नाव घेणारी असणारच ना? मग जो वाचला त्याच्यावर कृपा आणि जो बुडाला त्याच्यावर नाही, असं म्हणायचं का? माझ्यावर कृपा आणि काकांवर नाही? माझं काम होतं एका उत्सवाचं, तोही होऊन गेलेला. त्यांचं काम होतं आईचं.

याच रामदासच्या गोष्टीत आमच्याकडे आणखी एक सांगतात. रेवसचे कोळी मासे विकायला मुंबईकडे निघाले होते. बुडणारी माणसं दिसल्यावर त्यांनी होड्यांमधले मासे समुद्रात फेकून दिले आणि त्या जागेत माणसं घेतली. दिवसभराची कमाई पाण्यात टाकली, कारण होडी तेवढीच होती.

आता आजच्या वाचनाकडे या. श्रीरामांना घाई नव्हती का? होती, आणि तीही साधी नाही. चौदा वर्षं पूर्ण होऊन तुम्ही दिसला नाहीत तर मी अग्निप्रवेश करीन, असं भरताने चित्रकूटावर सांगितलं होतं. एक दिवस उशीर म्हणजे भावाचा जीव. अशा वेळी पुष्पक विमान मिळालं. आपण काय केलं असतं? बसलो असतो आणि निघालो असतो.

पण बिभीषण म्हणाला मलाही यायचंय, सुग्रीव आणि वानर म्हणाले आम्हालाही राज्याभिषेक बघायचाय, तर श्रीरामांनी सगळ्यांना आत घेतलं. पुढे किष्किंधा दिसली. सीतामाई म्हणाली, तारा आणि इतर वानरांच्या बायकांनाही सोबत नेऊ या. विमान थांबवलं. त्याही बसल्या. मग भरद्वाज ऋषींच्या आश्रमाशी उतरल्यावर भरताला निरोप द्यायला हनुमंताला पुढे धाडलं. भरताची काळजी विसरले नाहीत, आणि तिच्या नावाखाली कोणाला मागेही ठेवलं नाही.

मला वाटतं, माझा प्रश्नच चुकीचा होता. देवाने ती जागा मलाच का दिली, हे मला कळणार नाही. कळल्यासारखं बोलणं हा अहंकारच. जागा मिळाल्यावर मी मागे वळून पाहिलं का, एवढाच प्रश्न माझ्या हातातला होता. आभार मानणं चुकीचं नाही हो. पण ज्या आभारात शेजारचा माणूस दिसेनासा होतो, तो आभार तपासून बघायला हवा. "रामाची इच्छा" हे शब्द मी शरणागती म्हणून वापरले नव्हते. पळवाट म्हणून वापरले होते.

घरी पोहोचलो तेव्हा एकादशी होती. आजीने वाटीत सुंठवडा झाकून ठेवला होता. म्हणाली, "देवानेच आणलान हो तुला." मी तिला काकांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग फोन केलास त्यांना?"

नव्हता केला. नंबर होता, तरीही.

तेव्हा लावला. ते अजून तिथेच होते. मी आईचा वॉर्ड विचारून घेतला आणि दुपारच्या एसटीने अलिबागला गेलो. म्हातारी झोपेतच होती. मी तासभर बाहेरच्या बाकावर बसलो आणि तिच्या सुनेला सांगितलं, काका निघायची खटपट करतायत. यात मोठेपणा काही नाही. दिलेली जागा ती नव्हे. उशिरा टाकलेले मासे म्हणा.

शनिवारी रात्री त्यांचाच फोन आला. "पोचलो रे. आईला भेटलो. तू पोचलास ना नीट?"

आजचा अभ्यास : आज देवाचे आभार मानताना एक क्षण थांबा. त्या रांगेत आपल्या मागे कोण उभं होतं, ते आठवा. नंबर असेल तर फोन करा.

राम कृष्ण हरी.