पूर्वजांचा शोध कशासाठीं?

मनुष्यास आपल्या कुळाची चौकशी करण्याची इच्छा प्रथम कशानें होते? असा शोध करणाऱ्यास विचारिलें तर तो बहुधा लहानशीच गोष्ट सांगतो: आजोबांनीं मरणापूर्वीं काढिलेलें एखादें गांवचें नांव, पेटीच्या तळाशीं सांपडलेला मोडी कागद, अथवा कचेरींत मागितलेला एखादा दाखला. ह्यावर कित्येक म्हणतात कीं, जी इच्छा अशी सहज किंवा स्वार्थानें उत्पन्न झाली तिला चांगली कां म्हणावें? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही सांगवी येथील एका घरच्या हकीगतीवरून करूं इच्छितों.

सांगवी हें पिंपरी-चिंचवडच्या हद्दींत, मुळा व पवना ह्या नद्यांच्या संगमाजवळ आहे. पोटासाठीं बाहेरगांवाहून आलेलीं पुष्कळ कुटुंबें तेथें राहतात. त्यांपैकीं एक १९७२ च्या दुष्काळांत बार्शीकडून आलें. त्या घरच्या नातीस शिक्षणासाठीं जातपडताळणीचें प्रमाणपत्र पाहिजे होतें. त्याकरितां अनुसूचित जातींच्या अर्जदारांस १० ऑगस्ट १९५० च्या, व इतर मागासवर्गांच्या अर्जदारांस १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वींचा पुरावा द्यावा लागतो. म्हणून बापलेक गांवीं गेलीं. शाळेचीं जुनीं रजिस्टरें पाहिलीं, तहसील कचेरींत जन्ममृत्यूचा गांव नमुना १४ पाहिला, आणि शेवटीं पणजोबांची नोंद सांपडली. काम झालें.

परंतु वंशावळीचें प्रतिज्ञापत्र लिहितांना मुलीच्या ध्यानांत आलें कीं, तींत एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. तिनें आजीस विचारिलें, “आजी, तुझ्या सासूबाईंचं नाव काय होतं?” आजी बराच वेळ उगी राहिली. मग म्हणाली, “आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. नाव कधी घेतलंच नाही गं.” जिनें दुष्काळांत आपल्या ताटांतली भाकर सुनेच्या ताटांत घातली, तिचें नांव सुनेस ठाऊक नव्हतें! मुलीचा खरा शोध त्या दिवशीं सुरू झाला.

वाचकहो, येथें दोन शोध आहेत. पहिला गरजेचा, तो कागद मिळतांच संपला. त्यांत दोष नाहीं. २०२३ सालीं कुणबी नोंदी पाहण्यासाठीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली गेली, तेव्हांहि कित्येक घरीं खापरपणजोबांची विचारपूस झाली असेल. दुसरा शोध ऋणाचा. त्यापासून कांहीं मिळावयाचें नव्हतें, केवळ द्यावयाचें राहिलें होतें. गरजेनें मनुष्य दारापर्यंत येतो, ही कांहीं लाजेची गोष्ट नव्हे. दारांतूनच परत फिरणें ही मात्र खेदाची होय.

कोणी म्हणेल कीं, वंशावळ्यांनीं गर्व वाढतो, आणि पौलानेंहि तीमथ्यास अंत नसलेल्या वंशावळ्यांविषयीं सावध केलें आहे. हें खरें आहे. पण मत्तयाच्या पहिल्याच अध्यायांत तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्या स्त्रिया गाळलेल्या नाहींत, हेंहि खरें आहे. गर्विष्ठाचा शोध थोर नांवें तेवढीं वेंचितो; प्रामाणिक शोध कर्जबाजारी, व्यसनी व टाकून दिलेलीं माणसेंहि आपलीं म्हणतो. जो आपल्या आजोबांचा अपराध झांकतो, त्यास आजोबा भेटलेच नाहींत असें आम्हांस वाटतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जुन्या कागदांसाठीं गांवोगांव पायपीट केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला व पुढें बावीस खंड झाले. परंतु दप्तर कोणाच्या घरीं असावयाचें? ज्याच्या घरीं वतन, इनाम अथवा कारभार, बहुधा त्याच्याच. ज्यांच्या घरीं कागद नव्हता, त्यांचें दप्तर म्हणजे म्हाताऱ्यांची आठवण. आणि तें दप्तर प्रत्येक अंत्यविधीबरोबर मातींत जातें.

ह्यास्तव आमची विनंति आहे कीं, आज संध्याकाळींच घरांतील वृद्धांजवळ बसावें, आणि बापाकडील नांवांबरोबर आईकडील नांवेंहि विचारून वहींत लिहावीं. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांत बापाबरोबर आईचेंहि नांव लिहिलेलें आढळतें. उपदेशकांनीं तीं रजिस्टरें वाळवीपासून जपावीं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचें नांव घालण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें केला आहे. पण त्यापूर्वींच्या आयांचीं नांवें आपणांवांचून कोण लिहिणार?

सांगवीची ती मुलगी पुढें आत्याबाईंच्या माहेरीं गेली. तेथें एका वृद्ध भाच्यास नांव आठवत होतें. तें नांव आतां त्या घरच्या वहींत सर्वांच्या वर लिहिलेलें आहे. आजीस अक्षर येत नाहीं. तथापि तें कोठें लिहिलें आहे हें ती बोट ठेवून दाखविते.