वह्या वेगळ्या होत्या तोवर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्याच्या टोकाला मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर अशी डझनभर गावे आहेत. त्यांच्यावर दोन राज्ये हक्क सांगतात. तेलंगणाच्या दप्तरात ती केरामेरी मंडळात मोडतात. 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात आणि जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर कुमुरम भीम आसिफाबादमध्ये. गावांची बोली मराठी. शाळा दोन्ही सरकारांच्या, रेशनकार्डे दोन, मतदारयाद्याही दोन. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 19 एप्रिलला चंद्रपूरचे मतदान झाले, 13 मे रोजी आदिलाबादचे. गावकऱ्यांची नावे दोन्ही याद्यांत होती.

याकडे आपण सीमावाद म्हणून पाहतो. पण ऑनलाइन जगात माणसाचे खासगीपण उरले आहे का, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्यानेही या गावांकडे पाहावे. एकाच कुटुंबाला दोन सरकारे ओळखत होती आणि एका वहीतले दुसऱ्या वहीला कळत नव्हते. वह्यांमधल्या या अंतरातच सामान्य माणसाचे खासगीपण टिकून होते, असे मला वाटते.

कारण गावात गुपित असे कधी नव्हतेच. कोणावर कोणत्या सावकाराचे किती कर्ज आहे, कोणाच्या मुलीची सोयरीक का मोडली, हे चावडीवर सगळ्यांना ठाऊक असते. तरीही माणूस पुरता उघडा पडत नसे. सावकाराच्या खातेवहीत कर्ज, पटवाऱ्याच्या दप्तरात जमीन, दवाखान्याच्या कागदावर आजार, रेशन दुकानात घरातली माणसे. प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा दिसे. सगळे तुकडे जुळवून बसायला ना कोणाला वेळ होता, ना कोणाकडे तसे साधन होते.

खासगीपणाचा आधुनिक विचार मात्र दुसऱ्याच टोकापासून सुरू झाला. 1888 मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा आला, वर्तमानपत्रे मोठ्यांच्या घरातल्या बातम्या छापू लागली आणि 1890 मध्ये अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी ‘आमच्या वाटेला जाऊ नका’ असे म्हणण्याचा हक्क मांडला. हा दार लावून घेण्याचा हक्क होता, म्हणजे ज्याच्या घराला भक्कम दार आहे त्याचा.

त्याच सुमारास आदिलाबादच्या जंगलातल्या गोंडांची अडचण नेमकी उलटी होती. ते कसत असलेल्या जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावावर चढत होते. सरकारी वहीत नाव नाही, म्हणून जमीन नाही. या असंतोषातून गोंड नेते कुमुरम भीम यांचा लढा उभा राहिला आणि 1940 मध्ये जोडेघाटला ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना या भागात पाठवले. मार्लवाई गावात राहून त्यांनी केलेल्या कामातून गोंडांना त्यांच्या नावाचे पट्टे मिळू लागले. ज्याचे नाव वहीत नाही त्याला खासगीपण मिळत नाही, त्याची जमीन मात्र जाते. हे विसरून केलेली खासगीपणाची चर्चा शहरी चैन ठरते.

‘आधार’ची सुरुवात 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातून झाली, त्यामागचे वचनही हेच होते. ज्याला कोणी मोजत नाही त्याला ओळख मिळेल. हे वचन खोटे नव्हते. पण मोजले जाणे आणि जोडले जाणे यांतला फरक तेव्हा फारसा कोणी बोलून दाखवला नाही.

आपल्या न्यायालयांनाही या फरकापर्यंत पोचायला वेळ लागला. 1962 मध्ये खडकसिंग खटल्यात पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन पाहणी करणे सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, पण खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे बहुमताने मानले नाही, न्या. सुब्बा राव यांनी त्याविरुद्ध मत नोंदवले. 1996 मध्ये फोनवरच्या पाळतीला नियम लागले. म्हणजे आधी दाराचा विचार झाला, मग तारेचा. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 1983 मध्येच जनगणनेच्या निमित्ताने पुढचे पाऊल टाकले होते: यंत्राने माहिती जुळवता येऊ लागली की कोणतीही माहिती क्षुल्लक राहत नाही. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले, तेव्हा हा विचार आपल्या कायद्यात पोचला.

पण तेलंगणात जुळवाजुळव त्याआधीच सुरू झाली होती. 19 ऑगस्ट 2014 रोजी नव्या राज्याने एका दिवसात सुमारे एक कोटी कुटुंबांची पाहणी केली. दुकाने आणि बसगाड्या बंद होत्या, मुंबई-भिवंडीला गेलेले मजूर नाव लागावे म्हणून गावी परतले. जमीन, वाहन, बँक खाते, आजार, अपंगत्व असे सगळे विचारले गेले. पुढे ‘समग्र वेदिका’ नावाची संगणक प्रणाली आली; ती निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी एका माणसाच्या नावाखाली जुळवते. दरम्यानच्या काळात राज्यात लाखो रेशनकार्डे रद्द झाली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की रद्द केलेल्या सुमारे 19 लाख कार्डांची जागेवर जाऊन पडताळणी करा.

हैदराबादेतल्या एका रिक्षा ओढणाऱ्याचे नाव एका मोटारमालकाच्या नावाशी जुळले आणि त्याच्या घराचे धान्य बंद झाले. या प्रकरणात कोणाचेही गुपित फुटलेले नाही. मोटारीची नोंद बरोबर होती, रेशनची नोंदही बरोबर होती. चूक झाली ती दोन्ही जोडताना. ‘ज्याच्याकडे लपवण्यासारखे काही नाही त्याला भीती कसली?’ असे विचारणाऱ्यांनी या माणसाकडे पाहावे. त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीच नव्हते.

बाजारातही हेच घडले. 2020 च्या अखेरीस तेलंगणात झटपट कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपनी कर्जदारांच्या फोनमधल्या संपर्कयाद्या काढून घेतल्या आणि नातेवाइकांना फोन करून बदनामी केली. काहींनी जीव दिला. मामाचा नंबर फोनमध्ये असतो तो लग्नाचे आवतण देण्यासाठी, कर्जवसुलीसाठी नाही. 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना संपर्कयादी, फोटो, कॉलच्या नोंदी पाहायला मनाई केली. नियम आला, पण माणसे गेल्यावर.

यावर ‘संमती’ हा उपाय सांगितला जातो. पण आदिलाबादच्या बाजारात भारतीय कापूस निगमला कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधारने नोंदणी करून आधी वेळ घ्यावी लागते. घरात कापूस भरून पडलेला शेतकरी ‘मी माहिती देत नाही’ असे कोणत्या बळावर म्हणणार? 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा तर अनुदान-लाभ देताना सरकारला, केंद्राने अधिसूचित केलेल्या कोणत्याही सरकारी नोंदवहीतली माहिती नव्याने न विचारता वापरण्याची मुभा देतो. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) मात्र आवळले. नोव्हेंबर 2025 पासून तो बदल लागू आहे. त्यामुळे नागरिकाच्या वह्या सरकारसाठी उघड्या राहतात आणि अधिकाऱ्यांच्या नोंदी ‘खासगी’ म्हणून नागरिकाला नाकारता येतात.

आंध्र आणि तेलंगणात रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात मजुरांची नावे आणि मजुरी भर ग्रामसभेत वाचली गेली, तेव्हा खोटे हजेरीपट उघडकीला आले. तिथे जाहीर वाचनानेच मजुराचे रक्षण झाले. म्हणजे माहिती उघडी की झाकलेली, यावर न्याय ठरत नाही. ती कोणत्या कामासाठी घेतली, कोणाच्या हाती गेली आणि तिचा जाब कोणाला विचारता येतो, यावर तो ठरतो.

वह्या जोडल्याने बोगस कार्डे सापडतात, एकाच लाभाची दुहेरी उचल थांबते, हेही खरे. जिवतीच्या सीमेवरच्या गावांत उद्या दोन राज्यांच्या नोंदी जुळवल्या, तर हिशेब चोख होईल. पण दोन राज्यांनी न सोडवलेल्या वादाचा भुर्दंड त्या दिवशी गावकऱ्यांच्या ताटावर पडेल. म्हणून जोडणीवर सरसकट बंदी मागण्यात अर्थ नाही. तिला कायद्याची वेसण हवी.

लपून राहणे या अर्थाचे खासगीपण आता संपले आहे. फोनची सेटिंग बदलून ते परत मिळणार नाही. एका कामासाठी दिलेली माहिती त्याच कामापुरती राहणे, हे खासगीपण मात्र अजून शक्य आहे आणि ते मागून घ्यावे लागेल. कोणताही लाभ बंद करण्यापूर्वी कोणत्या नोंदीवरून तो बंद होतो आहे हे लेखी कळवा, यंत्राच्या निर्णयाआधी घरी माणूस पाठवून पडताळणी करा आणि अपिलाची सोय तालुक्याच्या गावी करा, एवढे ठराव कोणतीही ग्रामसभा करू शकते. पुढच्या खेपेला मीसेवासारख्या सरकारी सेवा केंद्रात किंवा बँकेच्या खिडकीपाशी अंगठा टेकवण्याआधी आपणही विचारावे: ही माहिती कशासाठी, आणि आणखी कोणाकडे जाणार?