दोरीचे दुसरे टोक

भिवंडी म्हटले की वाचकांच्या कानांत यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो, आणि ते साहजिकच आहे. परंतु याच तालुक्याच्या पूर्वेकडून भातसा वाहते, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांना लगटून तानसा जाते, शहराच्या कडेने कामवारी आहे आणि वस्तीला लागून वऱ्हाळा तलाव आहे. रविवारची पहिली मिस्सा आटोपली की काठ्या, रिळे आणि कणकेचा डबा घेऊन भातसेचा काठ गाठणारे आम्ही चौघे एकाच धर्मग्रामातले. घरच्यांनी आमच्या या नादाला पुष्कळ नावे ठेवली, तरी तीस वर्षे तो सुटला नाही. या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदाने एके दिवशी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला, आणि तो अजून आमच्या घशात अडकलेला आहे. माशाच्या घशात गळ अडकावा तसा, असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे लिहिणे म्हणजे आमच्या दुखण्याची आणि माशाच्या दुखण्याची बरोबरी करणे, आणि तशी बरोबरी करता येते की नाही हाच तर वादाचा विषय आहे.

गोष्ट वैशाखातली, मुलांच्या सुटीतली. खडवलीच्या बाजूला एका डोहावर आम्ही रात्रीच मुक्कामाला गेलो होतो. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून त्याचे गोळे संध्याकाळीच पाण्यात सोडले होते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, हे ज्याला ठाऊक नाही त्याने बोयाकडे दिवसभर डोळे लावून बसावे, हाती काही लागत नाही. (हे तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, तलावांत आणि धरणांत त्यांचे बीज सोडले गेले म्हणून ते आपल्याकडचे झाले.) आम्ही कटल्याच्या बेताने गळ वर ठेवला होता आणि तंगुसाची दोरी मुद्दाम बारीक घेतली होती. जाड दोरीने मासा ओढून काढण्यात कसब ते काय, असा आमचा त्या वेळचा अभिमान होता.

पहाटे कटला लागला. चाळीस मिनिटे तो डोहात फिरत राहिला आणि आम्ही आळीपाळीने काठी धरत राहिलो. शेवटी तो कुशीवर आला तेव्हा आमचेच हात थरथरत होते. त्याला तापू लागलेल्या कातळावर ठेवून छायाचित्रे काढली, वजनाचे अंदाज केले, आणि मग मोठ्या उदारपणे त्याला पाण्यात सोडून दिले. आमच्यातला एक जण "जा बाबा, सुखी राहा" असेही म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी न्याहारी आम्हांला फार गोड लागली.

सायंकाळी परतताना नदीच्या वळणावर तोच कटला उलटा तरंगताना दिसला. ओठ फाटलेला, आणि कातळाला लागलेल्या कुशीवरचे खवले खरवडून निघालेले. ओळख पटण्यास अडचण नव्हती. खांद्यावर पाग टाकलेला एक म्हातारा कातकरी तेथे उभा होता. त्याने मासा काठीने जवळ ओढला, हुंगला, उन्हाने वाया गेला म्हणून परत टाकला आणि आमच्याकडे वळून विचारले, "दादा, खायाचा नव्हता तं झोपेतनं उठवलात कशाला त्याला?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवे होते. आमच्याकडे ते नव्हते.

नंतर रात्री जी उत्तरे सुचली ती वाचकांनाही सुचली असतील. पहिले असे की माशाला काही कळत नाही. ही समजूत आपल्या घरांत फार खोल रुजलेली आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासा. म्हणजे मासा जणू मांस नव्हेच, पाण्यात उगवणारी भाजी. बकरा ओरडतो, कोंबडी फडफडते, डुक्कर तर सारी आळी जागी करते. माशाला आवाज नाही आणि मिटायला पापणीही नाही. आमच्या दयेला कान आहेत, डोळे कमी आहेत. जो ओरडेल त्याच्याकडे ती धावते. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशाच्या ओठांत मधमाशीचे विष आणि व्हिनेगरमधले आम्ल टोचून पाहिले. माशांचा श्वास वाढला, आम्ल टोचलेल्यांनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि कित्येक तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. ओठांत दुखापतीची वार्ता नेणाऱ्या मज्जापेशीही सापडल्या. याला उत्तर देणारे शास्त्रज्ञही आहेत. ऑस्ट्रेलियाचे ब्रायन की म्हणतात की दुःखाची जाणीव मेंदूच्या ज्या भागात होते तो भाग माशाला नाही. हा वाद आम्ही मिटवू शकत नाही. पण दार बंद आहे आणि आत माणूस असेल किंवा नसेल, अशा वेळी दारातून गोळी झाडणाऱ्याला कोणता धर्मगुरू निर्दोष म्हणेल?

दुसरे उत्तर असे की आम्ही तर सोडून दिला होता. इंग्लंडात साल्मन आणि ट्राउट वगळून गोड्या पाण्यातील इतर मासे गळाने धरण्याला कोर्स फिशिंग म्हणतात. तेथले लोक हे मासे बहुधा खात नाहीत. धरतात, पाहतात आणि परत सोडतात. या रिवाजाला आम्ही अहिंसेची पहिली पायरी समजत होतो. आता स्वित्झर्लंडकडे पाहावे. प्राणिरक्षणाच्या २००८ सालच्या नियमांनी तेथे सोडून देण्याच्या हेतूनेच मासा धरणे निषिद्ध ठरवले. पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हांला हा नियम वेडगळ वाटला: खाल्ला तर चालेल, जीवदान दिले तर गुन्हा! परंतु कातकऱ्याचा प्रश्न आणि हा नियम एकच गोष्ट सांगतात. भूक हे कारण आहे. गंमत हेही कारण असेल, पण तिची किंमत आम्ही नव्हे, दोरीच्या दुसऱ्या टोकाचा जीव मोजतो.

मग आम्ही धर्मग्रंथाकडे वळलो. आपली बाजू पडती दिसू लागली की माणूस तिकडेच वळतो. पेत्र, आंद्रिया, याकोब, योहान हे सारे कोळी. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला असे लूक सांगतो, आणि तिबेरियाच्या काठी निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवल्याचे योहान सांगतो. बाराव्या शतकात ग्रेशियनने ख्रिस्तसभेचे नियम संकलित केले, त्यांत धर्मगुरूंना शिकार वर्ज्य आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ दिलेल्या एका वचनाचा आशय असा की पवित्र शास्त्रात संत शिकारी कोणी आढळत नाही, संत कोळी मात्र आढळतात. आमच्यातील एकाने हे वाचून दाखवले तेव्हा आम्ही विजयी मुद्रेने एकमेकांकडे पाहिले. परंतु शुभवर्तमानातला प्रत्येक मासा कोणाच्या तरी पोटासाठी आहे. गळाचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत एकदाच येतो, मत्तयच्या सतराव्या अध्यायात, आणि तोही मंदिराचा कर भरण्याची निकड होती म्हणून. करमणुकीसाठी पेत्र कधी नदीवर गेल्याचे कोठे लिहिलेले नाही. करमणुकीचा मासा हवा असेल तर राजवाड्यात जावे लागते. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचा चारा, गळ टाकण्याची रीत हे सारे त्यात राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून सांगितले आहे. (त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आपल्या शेजारचे कल्याण नव्हे, ते बिदरकडचे बसवकल्याण.)

संत फ्रान्सिस असिसीकरांची एक कथा आहे. रिएटीच्या सरोवरात नावेत बसले असता एका कोळ्याने त्यांना नुकताच धरलेला मोठा टेंच मासा आदराने भेट दिला. त्यांनी त्याला बंधू म्हणून हाक मारली आणि पाण्यात सोडले. त्यांची प्रार्थना संपेपर्यंत तो नावेपाशीच खेळत राहिला. टेंच हा इंग्लंडच्या कोर्स फिशिंगवाल्यांचा आवडता मासा. तेव्हा हे संत आमच्या पंथाचे मूळपुरुष, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. फरक एवढाच की फ्रान्सिसने तो मासा धरला नव्हता.

कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो ग्रंथ पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला, त्याच्या २४१७ आणि २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांविषयी सांगितले आहे. अन्नवस्त्रासाठी त्यांचा उपयोग करणे योग्य. विनाकारण त्यांना यातना देणे किंवा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे. येथे प्रतिष्ठा माणसाची म्हटली आहे, याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. म्हणजे माशाला दुखते की नाही हे उद्या शास्त्रज्ञांनी कसेही ठरवले तरी आमची सुटका नाही. चाळीस मिनिटे एका जिवाच्या धडपडीतून ज्यांना आनंद झाला ते आम्ही कोण, हा प्रश्न उरतोच.

एवढे कळूनही आम्ही काठ्या मोडून टाकल्या नाहीत, हे कबूल केले पाहिजे. आमच्यातले जे शिक्षक आहेत त्यांचे म्हणणे असे की गळ टाकून बसल्याशिवाय माणूस नदीकडे चार-चार तास पाहत नाही. त्यात तथ्य आहे. कामवारीच्या पाण्यात आज कोणी गळ टाकणार नाही. शहराचे सांडपाणी आणि रंगकामाचे पाणी तिच्यात किती आले हे तिचा रंग पाहून समजते. ती मेली तेव्हा तिच्या काठी बसणारे कोणी उरले असते तर निदान बोंब तरी झाली असती. एका कटल्यासाठी आम्ही रात्रभर तळमळलो आणि एका नदीसाठी एकदाही नाही, ही आमच्या विवेकाची मोजपट्टी.

तेव्हा आम्ही काही गोष्टी बदलल्या. दोरी जाड घेतली, कारण झुंज जितकी लांबते तितका मासा आतून थकतो आणि पोहून गेलेला दिसला तरी पुढे मरतो. गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाकला. हात ओले केल्याशिवाय माशाला शिवत नाही, कारण त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कवच आहे. लहान मासा सोडायचाच तर पाण्याबाहेर न काढता सोडतो. चैत्र-वैशाखात जातच नाही. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. आणि ज्याला नेऊन खायचे नाही त्याच्यासाठी गळ टाकत नाही. पुरेसे धरले की उठतो. शिक्षकांना हे शेवटचे फारसे मान्य नाही, पण ते तीन विरुद्ध एक आहेत.

वलगणीचे मात्र आमच्याने अजून ठरत नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की ओढे भरतात आणि नदीतले मासे अंडी घालायला शेतांत चढतात. रात्री कंदील-विजेऱ्या घेऊन सारे गाव उतरते. काठ्या, टोपल्या, जुन्या मच्छरदाण्या, मिळेल ते. लहानपणी आम्ही गेलो, पुढे मुलांनाही नेले. दोन दिवस घराला गाभोळीचा वास येई. एका माशामागे किती हजार मासे आम्ही तव्यावर परतले असतील! इंग्लंडात नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकण्यास मनाई आहे. तिचे मूळ १८७८ च्या कायद्यात असून तो शेफील्डच्या गळवाल्यांनीच मागून घेतला होता. आपले कोळी बांधवही पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेची वाट पाहत आले. मग वलगण बंद करा, असे म्हणणे सोपे. पण उन्हाळा कसाबसा काढलेल्या आदिवासी घरात ते पहिले पोटभर कालवण असते. त्याच शेतात, त्याच रात्री, तोच मासा त्याने धरला आणि आम्ही धरला, तर दोन्ही कृत्ये एक नव्हेत, असे आम्हांला वाटते. आमच्या घरी शीतकपाट आहे. त्याला हे कोणत्या तोंडाने शिकवावे, हे मात्र कळत नाही, म्हणून आम्ही आम्हांपुरते जाणे थांबवले.

गेल्या भाद्रपदात एका तळ्यावर मरळ माशाची पिल्ले दिसली. पाण्याच्या पृष्ठावर तांबूस बुडबुडे उठावेत तसा त्यांचा थवा हलतो, आणि त्याखाली आईबाप राखण करतात. जुन्या गळवाल्यांची युक्ती अशी की त्या थव्यावरून बेडूक ओढावा. मरळ त्याच्यावर भुकेने नव्हे, पिल्लांना धोका आहे म्हणून तुटून पडतो, आणि हमखास लागतो. आमच्याजवळ जाड दोरी होती, मोठा गळ होता आणि खाणारी माणसे घरी वाट पाहत होती. सगळे नियम पाळले जात होते. आम्ही बराच वेळ तसेच बसलो आणि काठ्या गुंडाळून उठलो.

पुढच्या शुक्रवारी बाजारात पाण्याच्या पातेल्यात मरळ मासे जिवंत विकायला आले होते. हा मासा हवेतही श्वास घेतो, म्हणून तासन् तास तग धरतो. विकणारी बाई त्याच तळ्याकडच्या पाड्यावरची होती. आमच्यातल्या एकाने त्यातला मोठा घेतला, भाव न करता. रात्री त्याच्या घरी चौघेही जेवलो. कालवण उत्तम झाले होते, आणि जेवताना कोणी फारसे बोलले नाही.