छिद्र हा पदार्थ आहे का?

थरदार धातू-ऑक्साइडात पोकळी मुद्दाम घडवावी लागते. पोटॅशियम टेट्राटायटनेटच्या ऋणभारित थरांमध्ये पोटॅशियमचे आयन बसलेले असतात. आम्लाने ते काढून हायड्रोजन आणतात, मग लांब साखळीचे अमाइन शिरवतात, थर फाकतात. त्या फटीत सिलिकॉनचे इथॉक्साइड मुरवून त्याचे जलविघटन करतात आणि हवेत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला भाजतात. अमाइन जळून जाते, सिलिकाचे खांब उरतात. सारे मोल त्या खांबांमधल्या रिकाम्या जागेचे.

ती जागा स्वतंत्र वस्तू मानायची का? न्याय-वैशेषिक परंपरा अभावाला सातवा पदार्थ मानते. जळालेल्या अमाइनचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचा अभाव, तिच्या लेखी खरा आणि अनंत. प्राभाकर मीमांसकांना हे अमान्य. भूमीवर घट नसणे म्हणजे त्यांच्या मते नुसती ती भूमी. नायट्रोजन शोषवून क्षेत्रफळ मोजतात तेही भिंतींचेच, एवढा पुरावा त्यांच्या बाजूने. (आकारमान मात्र पोकळीचे!) वैशेषिकांची अडचण वेगळीच. फार तापवले तर रचना ढासळून छिद्र नाहीसे होते, प्रध्वंसाभाव मात्र कायम राहतो. तेव्हा छिद्र म्हणजे अमाइनचा अभाव नव्हे. ते थर आणि खांब यांच्या मांडणीवर टिकते.