फॅशनपटातील प्रतीक : व्यंग्यार्थाच्या दायित्वाचा प्रश्न

फॅशनपट ही कला की जाहिरात, हा वाद बहुधा निष्फळ ठरतो. कारण दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचे दाखले मिळतात. आश्रयदाता आहे एवढ्यावरून कलाकृतीचे मूल्य कमी होत नाही. देवालयाच्या भिंतीवरील शिल्प काय किंवा दरबारात रचलेले काव्य काय, दोन्ही कोणाच्या तरी द्रव्याने आणि कोणाच्या तरी गौरवार्थ निर्माण झाली. तेव्हा द्रव्य कोणाचे, यापेक्षा प्रतीकाने सूचित केलेला अर्थ अखेर कोठे जाऊन थांबतो, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे. तो सौंदर्यशास्त्राचा आहे, तसाच नीतीचाही आहे.

या प्रश्नाला हात घालण्यासाठी आनंदवर्धनाने केलेला एक भेद उपयोगी पडतो. ज्या काव्यात व्यंग्यार्थ प्रधान असतो ते ध्वनिकाव्य. ज्यात व्यंग्यार्थ असूनही तो वाच्यार्थाच्या सेवेस लागतो ते गुणीभूतव्यंग्य. या दुसऱ्या प्रकाराला आनंदवर्धनाने काव्याच्या प्रांतातून हद्दपार केलेले नाही. त्याचे स्थान तेवढे निश्चित केले. फॅशनपटात वाच्यार्थाच्या जागी वस्त्र असते. अरण्य, आरसा, धुके, संगीताची संथ लय यांतून जी भाववृत्ती जागी होते ती व्यंग्य असते, आणि ती परतून वस्त्राकडेच येते. या दृष्टीने पाहता फॅशनपट हा प्रकृतीनेच गुणीभूतव्यंग्याकडे झुकणारा प्रकार होय.

रोमन पोलान्स्कीचा ‘अ थेरपी’ (२०१२) हा प्रादासाठी केलेला लघुपट ही गोष्ट हसतखेळत मान्य करतो. मनोविश्लेषकापुढे रुग्ण स्त्री आपले अंतरंग उलगडत राहते, आणि त्याचे लक्ष मात्र तिने काढून ठेवलेल्या कोटाकडे जाते. अखेर तो कोट अंगावर चढवून आरशासमोर उभा राहतो. प्रत्येक वस्तूत प्रतीक शोधणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याला येथे वस्तूच जिंकते. प्रतीकार्थाचा पराभव हाच या विनोदाचा विषय आहे. आपण काय करीत आहोत हे तो लपवीत नाही, म्हणून त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे.

मात्तेओ गार्रोने दिग्दर्शित ‘ल मिथ दिओर’ (२०२०) या पटाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. महासाथीमुळे प्रेक्षकांसमोर वस्त्रप्रदर्शन भरविणे अशक्य झाले असता जुलै २०२० मध्ये हा पट प्रसृत झाला. पॅरिसच्या कार्यशाळेत शिवणकाम करणारे हात बाहुल्यांच्या मापाची वस्त्रे सिद्ध करतात. दोन गणवेशधारी सेवक ती एका पेटीत घालून अरण्यात नेतात. आणि वनदेवता, जलपरी, शंखनिवासिनी अशा पुराणकथेतील आकृती ती न्याहाळतात व निवडतात. या बाहुल्यांना इतिहास आहे. युद्धाने कापडाची टंचाई झाली असताना पॅरिसच्या वस्त्रकारांनी १९४५ साली ‘तेआत्र द ला मोद’ या प्रदर्शनात तारेच्या लहान बाहुल्यांना आपली वस्त्रे नेसवली होती. तेथे लहानपण हे अभावाचे चिन्ह होते. पाहणाऱ्याला त्या मापातच युद्ध दिसत असे. गार्रोनेच्या पटात माप तेच राहते, पण अभाव गळून पडतो आणि त्याची जागा परीकथेचा हळवेपणा घेतो. चिन्ह तेच ठेवून त्यातील इतिहास काढून घेणे, ही रोलाँ बार्थ याने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) मध्ये वर्णिलेली मिथकाची क्रिया होय. पटाच्या शीर्षकातच ‘मिथ’ हा शब्द असावा, हा योगायोग बोलका आहे.

संग्रहाची अभिकल्पक मारिया ग्रात्सिया किउरी हिने लिओनोरा कॅरिंग्टनसारख्या अतिवास्तववादी स्त्री कलावंतांचे ऋण मान्य केले होते. सुजाण प्रेक्षकाला ही नाती ओळखण्याचा आनंद मिळतो. परंतु कॅरिंग्टनच्या चित्रांतील स्त्रिया किमया करतात, रांधतात, मंत्र घालतात. त्या कर्त्या असतात. या पटातील वनदेवता केवळ निवड करतात. स्त्रीच्या सर्जनाचे प्रतीक येथे ग्राहकाच्या पसंतीत रूपांतरित झाले आहे. ते उघडपणे जाणवत नाही, याचे श्रेय भाववृत्तीला द्यावे लागते.

भाववृत्तीच्या या कार्याचे स्वरूप अभिनवगुप्ताच्या रसविघ्नांच्या विवेचनाने स्पष्ट होते. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे त्याने रसास्वादातील एक विघ्न मानले आहे. मालकीची इच्छा हे तर त्याचे ठळक रूप. म्हणजे काव्य जे विघ्न दूर करू पाहते, तेच जागे करणे हा फॅशनपटाचा हेतू! यावर असा आक्षेप येईल की, अशी वस्त्रे विकत घेणे बहुसंख्य प्रेक्षकांच्या स्वप्नातही नसते; मालकी अशक्य असल्याने त्यांचे पाहणे निरपेक्षच राहते. आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा आहे. झगा आवाक्याबाहेर राहतो, तरी त्याच नावाचे अत्तर आणि ओठांची लाली आवाक्यात असते. इच्छा विझत नाही. ती केवळ लहान वस्तूकडे वळते. बाहुलीच्या मापाचा आणखी एक अर्थ येथे हाती लागतो.

मग समीक्षकाने काय करावे? व्यंग्यार्थ उलगडून दाखवणे हे त्याचे काम. पण केवळ तेवढेच केले तर तोही पेटी वाहणाऱ्या त्या सेवकांपैकी एक होतो. व्यंग्यार्थाबरोबर गाळलेल्या अर्थाचेही वाचन व्हावयास हवे. या पटातील सर्व पात्रे गौरवर्णी आहेत, ही टीका पट प्रसृत होताच झाली. पुराणकथेच्या धूसर वातावरणात ही निवड निसर्गदत्त भासते. निवड होती हेच विसरायला होते. श्रमाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. जानेवारी २०२० मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयातील दिओरच्या प्रदर्शनासाठी ज्यूडी शिकागो हिच्या पताकांवरील भरतकाम मुंबईच्या चाणक्य कलाशाळेतील स्त्रियांनी केले होते. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी प्रदर्शन भरवून या सहकार्याचा जाहीर गौरवही केला. मिथकात मात्र शिवणारा हात पॅरिसचाच असतो. प्रश्न एखाद्या झग्यावरील टाक्यांचा नाही. एका नावामागे किती हात उभे आहेत आणि त्यांपैकी किती प्रतीकाच्या पदवीला पोहोचतात, याचा आहे.

तरीही हा पट निव्वळ फसवणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. सेवक मापपट्टी काढून वनदेवतेच्या देहाचे माप घेतात, ती प्रतिमा वस्त्राच्या सेवेत पुरती मावत नाही. ज्याला वय नाही, मरण नाही, त्यालाही आकड्यात बसवणारी ती पट्टी बाजाराबद्दल बाजाराला न रुचणारे काही सांगून जाते. त्या क्षणापुरता व्यंग्यार्थ सेवकपण सोडतो. असे क्षण हुडकणे आणि त्यांच्या आधाराने उर्वरित पटाला जाब विचारणे, हे समीक्षेचे दायित्व आहे. भाववृत्तीत बुडणे आणि तिचा धिक्कार करणे, या दोन्ही गोष्टी तुलनेने सोप्या आहेत. ती अनुभवीत असतानाच तिने काय झाकले हे पाहणे अवघड आहे. आणि सहृदयता या शब्दात या अवघडपणाचा समावेश करावाच लागेल.