कोणीतरी

काही शब्द दिसायला अगदी गरीब असतात. 'कोणीतरी' हा त्यांपैकीच एक. या शब्दाच्या आधाराने मी एकदा एक गोष्ट टाळली, आणि तिची बोच दर दिवाळीला नव्याने जाणवते. सणाच्या दिवसांत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट दिवाळीतलीच आहे.

सात वर्षांपूर्वीची धनत्रयोदशी. संध्याकाळी मी आणि सौ. नाशिकच्या मेन रोडवरून रविवार कारंजाकडे चाललो होतो. पणत्या, केरसुणी, लाह्या-बत्तासे अशी सगळी खरेदी आटोपली होती. साडेसातला घरी व्याही यायचे होते, आणि सव्वासात तर तिथेच वाजले होते. एका बोळाच्या तोंडाशी, पायरीवर, साठीचे एक गृहस्थ भिंतीला डोके टेकून बसले होते. सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत असलेले, ओठ काहीतरी पुटपुटणारे. सौ. थबकली.

"अहो, त्यांना बरं नाहीसं दिसतंय."

मी म्हणालो, "घेतली असेल. आणि एवढी माणसं आहेत, बघेल कोणीतरी."

आम्ही वेळेवर घरी पोचलो. व्याही पाऊण तास उशिरा आले.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे मांडली गेली. सौ.ने माझ्यापुढे ताट ठेवले आणि सहज विचारावे तसे विचारले, "त्या गृहस्थांना कोणी उचललं असेल का हो?" तिच्या स्वरात दोष नव्हता, म्हणूनच तो प्रश्न मला अधिक लागला. दिवस वर आल्यावर मी निमित्त काढून त्या बोळापाशी गेलो. समोरच लाह्या-बत्तासे विकणारी एक बाई बसली होती. तिला विचारले.

"ते व्हय? साखर उतरली व्हती त्यांची. माझ्या सासऱ्याचं असंच व्हतं, म्हणून वळखलं. शुद्धीत व्हते, तवा दोन बत्तासे चघळाया दिले, वर गोड चहा पाजला. आधी मी लई हाका मारल्या, कोणी तरी या म्हणून. समदे बघत व्हते, हलंना कोणी. मग एका पोराकडं बोट केलं, ए निळ्या शर्टाच्या, तू चहा आण. तसा पळत गेला बिचारा. त्यानंच मग रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं."

मी गप्प राहिलो. आदल्या संध्याकाळी आमच्या पिशवीत पाव किलो बत्तासे होते.

मग मी जरा अजागळासारखेच विचारले, "तुम्ही बऱ्या थांबलात?"

ती हसली. "मी कुठं थांबले? मी बसलेलीच व्हते. घाई तुमाला."

या बाईच्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या, आणि त्या दोन्ही मोठमोठ्या पंडितांना बऱ्याच खटपटीने सापडलेल्या आहेत, हे मला पुढे वाचनात आले. डार्ली आणि लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला एका खोलीत एकटे बसवायचे, आणि यंत्रावरून दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलायला लावायचे. बोलता बोलता त्या दुसऱ्याला फेफरे आल्याचा आवाज येतो. हे ऐकणारा मी एकटाच आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यातले शेकडा ८५ झटका संपण्यापूर्वीच मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यातले फक्त ३१. पण जे उठले नाहीत ते निर्दय होते का? तसे नव्हे. त्यांच्यातल्या अनेकांच्या तळहातांना घाम फुटला होता, हात कापत होते. चौघांच्या वाटणीत त्यांची जबाबदारी विरून गेली होती, एवढेच. गर्दीला काळीज नसते असे आपण सरसकट म्हणतो. मला वाटते काळीज असते, पण प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत असतो. त्या बाईने बोट दाखवले, आणि 'कोणीतरी'चा 'तू' झाला. निळ्या शर्टाचा पोरगा क्षणापूर्वी बघ्यांपैकीच एक होता, हे विसरता कामा नये.

दुसरी गोष्ट घाईची. डार्लीनेच बॅटसन या सहकाऱ्याबरोबर १९७३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या तरुणांना व्याख्यानासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. काहींचा विषय होता बायबलातल्या दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेवर घायाळ पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्याचीच गोष्ट. वाटेत, दारापाशी, एक मनुष्य कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले शेकडा ६३ थांबले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांच्यातले अवघे १०. व्याख्यानाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेला मनुष्य परोपकाराला वळसा घालून गेला!

हे वाचून मला हसू आले नाही, कारण मला नाथांची गोष्ट आठवली. आमच्या नाशिकची गोदावरी पुढे ज्या पैठणला जाते, तिथले हे एकनाथ महाराज. काशीच्या गंगेची कावड घेऊन यात्रेकरू रामेश्वराकडे निघाले आहेत, वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत आहे, आणि नाथ कावडीतले पाणी त्याच्या तोंडात ओततात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात नाथांची भूतदया आपल्याला दिसते. बरोबरच्या यात्रेकरूंकडे मात्र आपण पाहत नाही. ती काही दुष्ट माणसे नव्हती. देवाच्याच कामाला निघालेली होती, आणि त्यांना पोचायचे होते.

उलट, पोचण्याची घाईच संपते तेव्हा काय होते, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने दाखवले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या, रस्ते बुडाले. एरवी घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या त्या शहरात अनोळखी माणसांनी एकमेकांना हात धरून पाण्यातून नेले, बिस्किटे वाटली, घरांची दारे उघडली. माणसे तीच होती. त्या रात्री कोणालाच कुठे जाता येत नव्हते.

घाईखेरीज भीतीही असते, हे मान्य केले पाहिजे. अपघातातल्या जखमीला उचलले तर पोलीस आपल्यालाच धरतील, साक्षीला खेपा घालाव्या लागतील, या धास्तीने कित्येक हात मागे राहिले. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बळ दिले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही ते संरक्षण आले. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. आणि जिथे आपल्या हातून काही होण्यासारखे नाही, पोहता येत नाही आणि नदीला पूर आहे, तिथे उडी घेणे हा शहाणपणा नव्हे. पण १०८ किंवा ११२ हा क्रमांक फिरवायला पोहावे लागत नाही. कायद्याने भीती कमी केली. घाई कमी करणे मात्र कोणत्याही कायद्याला जमणार नाही, ते ज्याचे त्यानेच करायचे.

मी त्या दिवसापासून बदललो, असे लिहायला मला आवडले असते. खरे सांगायचे तर त्यानंतर असे तीन प्रसंग आले. दोनदा मी थांबलो. एकदा थांबलो नाही. तेव्हाही मला उशीरच झाला होता. म्हणून आता चांगुलपणावर फारसा भरवसा न ठेवता मी घरून दहा मिनिटे आधी निघतो.

सौ.चा उपाय अधिक सोपा आहे. बत्तासे आम्ही दरवर्षी त्याच बाईकडून घेतो. लक्ष्मीपूजनाचे देवापुढे ठेवल्यावर त्यांतले चार ती कागदात बांधते आणि आपल्या पिशवीत टाकते. कोणासाठी, ते मी विचारीत नाही.