मोजले म्हणजे कळले का?

न्यू जर्सीतल्या बेयॉन इथे तेलाच्या टाक्यांवर तपासनीस चढायचे, झाकण उघडून मोजपट्टी आत सोडायचे आणि वर काढून बघायचे. पट्टी तेलाने माखलेली असे. सोयाबीनचे तेल, इतके फूट, अशी नोंद व्हायची. त्या नोंदीवर अमेरिकन एक्स्प्रेसच्या गोदामे सांभाळणाऱ्या उपकंपनीची पावती निघायची आणि त्या पावतीच्या तारणावर बँका कर्ज द्यायच्या. १९६३ च्या नोव्हेंबरात टिनो डी अँजेलिस याच्या तेल कंपनीने दिवाळे काढले, तेव्हा कळले की अनेक टाक्यांत वर तेलाचा थर आणि खाली नुसते पाणी होते. सावकारांचे पंधरा कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

घोटाळे बहुधा कागदावर होतात, असा आपला समज असतो. इथे मात्र तपासनीस प्रत्यक्ष टाकीवर चढले होते, त्यांनी डोळ्यांनी तेल पाहिले होते आणि पट्टीने मोजलेही होते.

मग माणसाला एखादी गोष्ट कळली, असे कधी म्हणायचे? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर हजार-दीड हजार वर्षे वाद घातला आणि त्यासाठी प्रमाणशास्त्र नावाची स्वतंत्र विद्याच उभी केली. संस्कृत पाठशाळेत न्यायाची सुरुवात आजही ज्या चिमुकल्या पुस्तकाने होते, त्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त प्रमाणे चार सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. एखाद्या सीएच्या ऑफिसातली ऑडिटची फाईल उघडली, तर चौघेही तिथे मुक्कामाला असतात.

समजा, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका डाळीच्या घाऊक व्यापाऱ्याचे ऑडिट आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी आर्टिकलशिप करणारा पोरगा वखारीत उभा आहे. तूरडाळीची थप्पी समोर आहे. लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार केला की कट्टे किती ते निघते आणि तो आकडा स्टॉक रजिस्टरशी जुळतोही. हुशार पोरगा तेवढ्यावर थांबत नाही. हमालाकडून शिडी मागून तो थप्पीच्या माथ्यावर चढतो आणि मधोमध उतरून पाहतो, कारण थप्पी आतून पोकळ रचता येते. हे झाले प्रत्यक्ष. वर्षभराची खरेदी, विक्री आणि तूट यांवरून शिल्लक किती असायला हवी याचा हिशेब मांडणे हे अनुमान. त्याच धंद्यातल्या इतरांचा नफा शेकडा किती सुटतो ते ताडून पाहणे हे नैयायिकाच्या काटेकोर अर्थाने उपमान नव्हे, पण त्याच्या शेजारचे खरे. आणि बँकेने, गिऱ्हाईकाने, वखारवाल्याने लेखी कळवलेली शिल्लक म्हणजे शब्द. मीमांसक कुमारिल भट्टाच्या अनुयायांनी आणखी एक प्रमाण मानले आहे, अनुपलब्धी. जी वस्तू असती तर दिसलीच असती ती दिसत नाही, म्हणून ती नाही. पोकळ थप्पीत उतरलेल्या पोराला हे प्रमाण वेगळे शिकवावे लागत नाही.

खरा वाद प्रमाणे किती यावर नव्हता. मिळालेले ज्ञान मुळातच खरे धरायचे की आधी तपासून मग खरे म्हणायचे, यावर मीमांसक आणि नैयायिक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. मीमांसक म्हणतो, ज्ञान झाले की ते खरे. त्याला छेद देणारे दुसरे ज्ञान आले किंवा ज्या साधनाने ते झाले त्यातच दोष सापडला, तरच ते टाकायचे. हा स्वतःप्रामाण्यवाद. नैयायिकाला हे मान्य नाही. ज्ञानाचा खरेपणा ज्ञानाबाहेरून सिद्ध व्हावा लागतो, असे तो म्हणतो. वादाच्या मुळाशी वेद होते. वेद कुणी रचलेलेच नाहीत, सांगणारा नाही म्हणून सांगणाऱ्याचे दोषही नाहीत, ही मीमांसकाची भूमिका. वेद ईश्वराने सांगितले, आणि ईश्वर विश्वासार्ह वक्ता म्हणून ते प्रमाण, ही नैयायिकाची.

हिशेबनीसांच्या जगात हाच वाद धोतर-उपरण्याशिवाय इंग्लंडच्या कोर्टात उभा राहिला. किंग्स्टन कॉटन मिल या कंपनीचा व्यवस्थापक वर्षानुवर्षे कापूस आणि सुताचा साठा फुगवून दाखवत होता. ऑडिटरांनी साठा मोजला नाही. व्यवस्थापकाने दिलेले प्रमाणपत्र ताळेबंदात चढवले. सुरुवातीच्या साठ्यात खरेदी मिळवून विक्री वजा केली असती तरी संशय आला असता. तरीही १८९६ मध्ये अपील कोर्टाने ऑडिटरांना सोडले. लॉर्ड जस्टिस लोप्स यांचे म्हणणे असे की ऑडिटर हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नव्हे. संशयाला जागा नसेल तर कंपनीच्या भरवशाच्या माणसावर विश्वास ठेवणे हा गुन्हा होत नाही. कुमारिल भट्टाने हा निकाल वाचला असता तर मान डोलावली असती.

चाळीस-बेचाळीस वर्षांनी पारडे फिरले. मॅकेसन अँड रॉबिन्स या अमेरिकी औषध कंपनीचा प्रमुख डोनाल्ड कोस्टर हा खरे तर फिलिप म्युझिका नावाचा जुना शिक्षा भोगलेला भामटा होता. कंपनीच्या पुस्तकांत ८ कोटी ७० लाख डॉलरची मालमत्ता होती. त्यातली सुमारे १ कोटी ९० लाखांची अस्तित्वातच नव्हती. कच्च्या औषधांचा माल कॅनडातल्या वखारींत असल्याचे दाखवले जाई आणि तिथे जाऊन पाहण्याची तेव्हा ऑडिटरांत रीत नव्हती. घोटाळा १९३८ च्या डिसेंबरात फुटला, म्युझिकाने स्वतःवर गोळी झाडून घेतली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी हिशेब तपासनिसांच्या संघटनेने साठा समक्ष पाहणे आणि उधारीची खातरजमा थेट देणेकऱ्यांकडून करणे हे नेहमीच्या कामात घातले. म्हणजे मीमांसक हरला आणि नैयायिक आत आला. बेयॉनच्या टाक्यांनी पंचवीस वर्षांनी नैयायिकाचीही फजिती केली, हा भाग वेगळा.

शब्दप्रमाणाचे तर आणखी अवघड. नैयायिकाच्या लेखी कुणाचाही शब्द प्रमाण नसतो, आप्ताचा असतो. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो तो आप्त. बँक हा ऑडिटरचा सर्वांत मोठा आप्त. सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, तेव्हा ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. बँका होत्या, शाखा होत्या, शिल्लक कळवणारी पत्रेही होती. फक्त ती पत्रे पाठवण्याची आणि गोळा करण्याची जबाबदारी ऑडिटरांनी कंपनीवरच सोडली होती, असे अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने २०११ च्या आदेशात नोंदवले. आप्ताचे पत्र ज्याच्याविषयी आहे त्याच्याच हातून आले तर ते आप्ताचे राहत नाही, एवढी साधी गोष्ट. आजच्या ऑडिटच्या नियमांत हे पत्रव्यवहाराचे सूत्र ऑडिटरच्याच हाती असावे, असे बजावून सांगितलेले आहे.

व्यापाऱ्याने स्वतःच्या वहीत लिहिलेला शब्द कितपत धरायचा, याचे उत्तर भारतीय कायद्याने १८७२ मध्येच देऊन ठेवले होते. पुरावा कायद्याचे ३४ वे कलम सांगत असे की धंद्याच्या ओघात नियमितपणे लिहिलेली वही पुरावा म्हणून ग्राह्य आहे, पण केवळ तेवढ्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर देणे बसवता येत नाही. जैन हवाला प्रकरणात डायऱ्यांतल्या नोंदी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे टिकल्या नाहीत, त्यात याच कलमाचा वाटा होता.

अलीकडे एक नवे अपौरुषेय वाङ्मय निघाले आहे. ‘साहेब, हे सिस्टिममधून आलंय’ असे अकाउंटंट सांगतो आणि समोरचा गप्प होतो. जणू टॅलीतला रिपोर्ट कुणी रचलेला नाही, म्हणून त्यात कर्त्याचे दोष असणार नाहीत! १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली याचा माग राहिलाच पाहिजे, आणि तो माग बंद करता येता कामा नये, असा नियम आला. कर्ता शोधण्याचीच ही खटपट आहे.

अनुमानाकडे आले की संख्याशास्त्र दारात उभेच असते. धूर आहे म्हणून आग आहे, हे बरोबर. आग आहे म्हणून धूर असणार, हे चूक. त्याला ओले सरपण लागते. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात, आणि धंद्यातले निम्मे चुकीचे निर्णय उपाधी न दिसल्याने होतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आपल्या डाळवाल्याच्याच बाबतीत पाहा. साठ दिवसांची उधारी घेणारी गिऱ्हाईके तीस दिवसवाल्यांच्या दुप्पट माल उचलतात, असे त्याच्या खतावणीत दिसले. मग सगळ्यांनाच साठ दिवस द्यावेत का? आकडे फोडून पाहिल्यावर कळते की साठ दिवसांची सवलत त्याने मुळात जुन्या, मोठ्या दुकानांनाच दिली होती. छोट्या किराणावाल्यांत साठ दिवसवाले आणि तीस दिवसवाले सारखाच माल नेतात. फरक एवढाच की पहिले पैसे उशिरा देतात. दुकानाचा आकार हे इथले ओले सरपण.

फक्त प्रत्यक्षच मानणारा चार्वाक मात्र याही पुढे जाऊन विचारतो: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याविषयी बोलायचा तुम्हाला अधिकार काय? बारा हजार बिलांतली साठ बिले चिठ्ठ्या टाकून काढली, साठही चोख निघाली. उरलेल्या अकरा हजार नऊशे चाळीसांचे काय? नैयायिकाला व्याप्ती हवी असते, एकही अपवाद नसलेला नियम. एक चुकीचे बिल निघाले की त्याची इमारत पडते. संख्याशास्त्री तो हट्टच सोडतो. तो म्हणतो, शेकडा पाच बिले चुकीची असती, तर साठ चोख बिले अशी हाताला लागण्याची शक्यता शंभरात पाचाहूनही कमी होती. म्हणजे सहाशे बिले चुकीची असतील ही भीती बरीच दूर झाली. शंभर असतील ही राहिली. ती परवडते की नाही, हे त्या बिलांच्या रकमा ठरवतील. चार्वाकाला हे उत्तर नव्हे, हे कबूल करायला हवे. त्याच्या आक्षेपाला फक्त माप लावले आहे. भारतीय संख्याशास्त्राचे प्रणेते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ मधल्या एका निबंधात संभाव्यतेचे नाते ‘एका अंगाने असे आहे’ एवढेच म्हणणाऱ्या जैनांच्या स्याद्वादाशी जोडले होते. पेढीवर बसून उधारी देणाऱ्या कितीतरी जैन घराण्यांच्या व्यवहाराला ते नाते सहज पटले असते.

राहता राहिला अनवस्थेचा प्रश्न. ज्ञान बाहेरून तपासायचे, तर तपासणारे ज्ञान कुणी तपासायचे? हिशेब ऑडिटर तपासतो. ऑडिटरांवर लक्ष ठेवायला ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण आले. उद्या त्याच्यावर कोण? दहाव्या शतकातल्या उदयनाने ‘न्यायकुसुमांजली’त, म्हणजे ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात, या साखळीला खीळ घातली. शंका कुठवर घ्यायची? शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वागणे तिच्याविरुद्ध जाऊ लागेपर्यंत. धुरासाठी जो आगच पेटवतो, त्याला आग आणि धुराच्या नात्याविषयी शंका आहे असे मानायचे कारण नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने यावर तिरकस उलटतपासणी घेतली आणि ती अजून पुरती मिटलेली नाही. नैयायिकांची दुसरी कसोटी जास्त बाजारू आहे: पाणी दिसले, गेलो, प्यालो, तहान भागली, तर ते मृगजळ नव्हते. मॅकेसनच्या घोटाळ्याचा सुगावा कंपनीचा खजिनदार ज्युलियन थॉम्पसन याला लागला तो याच वाटेने. कच्च्या औषधांचे खाते दरवर्षी भरघोस नफा दाखवी, पण त्यातून रोकड कधी हाती पडत नसे. तहान भागत नव्हती.

ऑडिटरला ही कसोटी आयती मिळते. ताळेबंद ३१ मार्चचा असला तरी त्यावर सही व्हायला पुढचे काही महिने असतात आणि त्या महिन्यांत उधारी वसूल होते किंवा होत नाही. ऑगस्टमध्ये बँकेचे स्टेटमेंट पुढ्यात घेऊन तो विचारतो, ‘शेठ, या बार्शीच्या गिऱ्हाईकाकडून एप्रिलपासून काहीच आलेलं नाही.’

‘येतील हो साहेब. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक आहे, एक रुपया बुडालेला नाही आजवर.’

शेठ इथे पक्के मीमांसक आहेत, आणि भोळे म्हणून नव्हे. पिढीभरात विश्वासाला छेद देणारा अनुभव एकदाही आलेला नाही, आणि प्रत्येक गिऱ्हाईकाकडून आधी पुरावा मागत बसले तर उधारीचा धंदा एक दिवस चालणार नाही. ऑडिटरला मात्र सात लाखांच्या येण्यावर मत द्यायचे आहे. घासाघीस होऊन निम्म्या रकमेची संशयित येण्यापोटी तरतूद ठरते, शेठ नाराजीने मान्य करतात, सह्या होतात. त्याच आठवड्यात चाळीस कट्टे तूरडाळ बार्शीला रवाना होते, साठ दिवसांच्या उधारीवर. उदयनाच्या कसोटीने पाहिले तर ताळेबंदात साडेतीन लाखांना उतरलेली ती शंका शेठना कधी आलेलीच नव्हती. आणि ऑडिटरची सही तरीही बरोबर आहे.